प्रभातच्या सिनेमातल्या ‘नाही’ म्हणणाऱ्या बाया

कामं उरकली असतील तर निवांत बसा, नसतील तर भाकऱ्या थापता थापता ऐका. आज आपण सिनेमाबद्दल बोलणार आहोत. आत्ताच्या नव्हे, १९३२ ते १९३९ या सात-आठ वर्षांतल्या सिनेमांबद्दल. आपल्या आज्या, काहींच्या पणज्या तरुण होत्या तेव्हाचे हे सिनेमे. त्यातले आमच्या आवडीचे मोजकेच सांगतो. आवडीचं कारण एकच : या सिनेमांतल्या बाया ‘नाही’ म्हणतात, आणि त्या ‘नाही’ची किंमत कोण मोजतं हे सिनेमा आपल्याला दाखवतो.

आधी थोडी ओळख करून घेऊ. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. तुतारी वाजवणारी बाई ही तिची खूण. पुण्यात जिथे तिचा स्टुडिओ होता, तिथेच आज सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था आहे. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली आला. त्यात तारामतीचं काम दुर्गाबाई खोटे यांनी केलं. आज यात काय विशेष, असं वाटेल. पण १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी साळुंके नावाच्या पुरुषाने लुगडं नेसून ते काम केलं. त्यानंतर बायका सिनेमात आल्या, पण ‘चांगल्या घरातली’ बाई पडद्यावर आली की लोक नाकं मुरडतच होते. दुर्गाबाईंच्या घरी पैशाची अडचण होती, पदरात दोन मुलं होती. त्या कामाला उभ्या राहिल्या आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांनी काम केलं. पहिला ‘नाही’ असा पडद्याबाहेरचाच आहे.

आता ‘कुंकू’. आम्हाला विचाराल तर या दशकातला सगळ्यात धीट सिनेमा हाच. १९३७ सालचा. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो काढला. नीरा ही आईबाप नसलेली मुलगी, मामाकडे वाढलेली. मामा पैशाच्या लोभाने तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतो. हे काकासाहेब. त्यांना नीराच्या बरोबरीची मुलं आहेत. इथपर्यंतची गोष्ट आपल्याला नवी नाही. १८९९ च्या ‘संगीत शारदा’ नाटकातही जरठाच्या गळ्यात पोरगी बांधण्याचाच प्रश्न होता. (बालविवाहाच्या १९२९ च्या कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, म्हणून पुष्कळांना तो या नाटकावरून पडलेला वाटतो. खरं म्हणजे तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून आहे.)

नवं आहे ते पुढचं. नीरा रडत बसत नाही, विहीर जवळ करत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात राहते आणि ठाम सांगते की हे लग्न मी मानत नाही. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. सावत्र मुलगा वेडंवाकडं वागू लागतो, तेव्हा त्याला चोप देते. तिच्या बाजूने उभी राहते ती काकासाहेबांचीच मुलगी. समाजकार्य करणारी ही लेक बापाला स्पष्ट सुनावते. ते काम शकुंतला परांजपे यांनी केलं आहे. संततिनियमनासाठी पुढे आयुष्यभर झटल्या, त्याच या. सासरच्या घरातली एक बाई दुसरीच्या पाठीशी उभी राहते, हे आजच्या मालिकांमध्ये शोधून सापडत नाही. मालिकांबद्दल आम्ही जास्त बोलत नाही, नाहीतर कार्यक्रम त्यातच संपेल.

या सिनेमात वरून भरलेलं पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ते घरातलेच आवाज : घड्याळाची टिकटिक, दार, पावलं. काकासाहेबांचं वय सरत चाललंय, हे ते घड्याळच सांगतं. म्हणून बघताना मध्येच शांतता पडली तर मोबाइल बिघडला असं समजू नका.

शेवट मात्र आमच्यात वादाचा आहे. काकासाहेबांना आपली चूक उमगते, ते नीराला मुलीसारखी मानतात आणि तिला मोकळं करण्यासाठी स्वतःचा जीव देतात. आमच्यातल्या काहीजणी म्हणतात, म्हणजे बाईची सुटका शेवटी नवऱ्याच्याच मर्जीने झाली, आणि तीही तो मेल्यावर. ही तक्रार बरोबर आहे. पण कथाकाराला दुसरी वाट कुठे होती, तेही बघा. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यातल्या हिंदू बाईला कायद्याने घटस्फोट मिळत नव्हता. कित्येक जातींत काडीमोडाची रीत होती, पण काकासाहेबांसारख्या घरात ती नव्हती. मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला आणि देशभरातल्या हिंदूंसाठी १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला. नीराच्या ‘नाही’ला तेव्हा कोर्टात जागाच नव्हती.

आज ती आहे. फसवून लग्न लावलं असेल तर ते रद्द करून मागता येतं, पण त्यासाठी फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत कोर्टात जावं लागतं. मुलगी अठराच्या आतली असेल आणि तिला फसवून, जबरदस्तीने किंवा पैसे घेऊन लग्नाला उभं केलं असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे ते लग्न मुळात लग्नच ठरत नाही. तरी दर लग्नसराईत अशी लग्नं होतातच, आणि आपल्यापैकी अनेकींनी अशा मांडवात अक्षता टाकल्या आहेत. असं लग्न ठरल्याचं कानावर आलं तर १०९८ हा नंबर फुकट लागतो. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह रोखणारे अधिकारी असतात. त्यांना आधी कळवा, अक्षता पडल्यावर नको.

नीराचं काम शांता आपटे यांनी केलं, गाणीही त्यांनी स्वतःच म्हटली. दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, करारावरून कंपनीशी वाद झाला, तेव्हा याच शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुढे सिनेमाच्या धंद्याबद्दल त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ असं पुस्तकही लिहिलं. मजुरीच्या पावतीसाठी मुकादमाशी भांडलेल्या बाईला या शांताबाई लगेच ओळखीच्या वाटतील.

दुसरा सिनेमा १९३६ चा ‘संत तुकाराम’, दामले आणि फत्तेलाल यांचा. मुंबईत एकाच थिएटरात तो वर्षाहून जास्त चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची वाखाणणी झाली. लोक तुकोबांच्या भक्तीसाठी बघतात, आणि विष्णुपंत पागनीसांकडे बघून हात जोडावेसे वाटतातच. आम्ही मात्र बघतो ते आवलीसाठी. घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि नवरा भजनात. पोराला धरून, हातात वहाण घेऊन ती विठोबाच्या देवळात शिरते आणि देवालाच जाब विचारते. गौरीबाईंनी हे काम केलं. त्या प्रभातमध्ये छोटी-मोठी कामं करत पुढे आलेल्या. त्यांच्या चालण्या-बोलण्यात कुठे नाटकीपणा नाही. शेतावरून आलेली बाई जशी पदर खोचून बोलते, तशीच ही बोलते. वैकुंठाचं विमान आलं तरी आवलीचा जीव घरात आणि लेकरांत अडकलेला. सिनेमा तिला हसतो, पण खालीही पाडत नाही. चूल पेटवणाऱ्या बाईचा राग हा भक्तीच्या आड येणारा अडथळा नसतो, हे या सिनेमाला कळलेलं आहे असं आम्हाला वाटतं.

‘माणूस’ (१९३९) हा वेश्या मैना आणि हवालदार गणपत यांची गोष्ट सांगतो. शांता हुबळीकरांची मैना फार गोड आहे, पण शेवटी सगळं भोगायला तीच उरते, म्हणून आमच्या आवडीत तो तिसरा. ‘अमरज्योती’त (१९३६) दुर्गाबाई समुद्रावरच्या चाच्यांची राणी होतात, कारण आईला तिच्या मुलाचा ताबा नाकारला जातो. तलवारबाजी आवडत असेल तर बघा.

हे सिनेमे इंटरनेटवर सापडतात. ‘कुंकू’ अडीच तासांहून मोठा आहे, म्हणून गटाच्या दोन बैठकांत बघितला तरी चालेल. आवाज जुना आहे, मोबाइलला स्पीकर जोडा. पहिली दहा मिनिटं संथ वाटतील, तेवढी काढा. आणि जमलंच तर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींनाही सोबत बसवा. सिनेमा संपल्यावर पहिल्यांदा त्यांना बोलू द्या, आपण नंतर.