कान पिळण्याचा हक्क

रेडिओचा आवाज वाढला की घरातील वडीलधारे माणूस ‘त्याचा जरा कान पिळ’ असे सांगत असे. त्या पेटीला दोन कान असत. एकाने केंद्र सापडे, दुसऱ्याने आवाज आटोक्यात राही. अंधारातही हात नेमका तेथेच जाई. पुढे ट्रान्झिस्टरने, कॅसेट प्लेअरने आणि सुरुवातीच्या अनेक लॅपटॉपनीही हा कान जपला. त्यांच्या कडेला बोटाने फिरणारी दातेरी चकती असे. आज नवा लॅपटॉप घ्यावयास जावे, तर ती औषधालाही सापडत नाही.

चकती गेली, मग स्वतंत्र बटणेही गेली. थिंकपॅडच्या 2012 पर्यंतच्या कित्येक नमुन्यांत ती होती. 2013 पासून ती वरच्या ओळीतील बहुउद्देशी कळांत विलीन झाली. ॲपलने तर 2016 मध्ये मॅकबुक प्रोवरील ती ओळच काढून तेथे स्पर्शपट्टी बसविली आणि 2021 मध्ये कळा परत आणल्या. हा फरक केवळ सवयीचा नाही. जुनी चकती थेट विद्युत्‌मंडलात बसविलेली असे. यंत्र अडखळले तरी ती आवाज उतरवी. नवी कळ ही यंत्राला केलेली विनंती असते, आणि यंत्र अडकलेले असताना ती मान्य होईलच असे नाही.

एवढ्याशा चकतीसाठी अग्रलेखाच्या पानावर जागा कशाला, असे कोणी विचारील. त्याने 2020 च्या टाळेबंदीतील दोन खोल्यांचे घर आठवावे. मानपाडा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचा असो वा डोंबिवलीचा, तेथील अशा घरांत एका कोपऱ्यात मुलाचा वर्ग, दुसऱ्यात वडिलांची कचेरी आणि मध्ये आजीची दुपारची झोप असा संसार चालला. अशा घरात शांतता ही सामाईक मालमत्ता असते. एकाच्या व्यवहाराची झळ तिसऱ्याला लागते, त्याला अर्थशास्त्र ‘बाह्य परिणाम’ म्हणते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. परंतु एका खोलीतील आवाज दुसऱ्या खोलीत जातो तेव्हा पोलीस येत नाही, हातच कामी येतो.

मग बाजाराने ही सोय का मोडीत काढली? उत्पादकाचा एक सुटा भाग वाचतो, कवचातील एक छिद्र वाचते, जोडणीतील एक टप्पा वाचतो. लाखो नगांवर ही बचत मोठी होते. चकतीत धूळ जाऊन खरखर होई, हेही मान्य केले पाहिजे. मात्र ग्राहकाला ती नको होती म्हणून ती गेली, हा युक्तिवाद पोकळ आहे. ग्राहक किंमत, वजन आणि स्मरणशक्ती ताडून पाहतो. चकतीसाठी त्या तक्त्यात रकानाच नसतो. नफा थोड्यांच्या पदरात एकवटतो, गैरसोय मात्र असंख्यांत विखुरते. म्हणून तिचा आवाज उठत नाही. त्यातही जास्त भार पडतो तो वृद्धांवर आणि ज्यांची बोटे हेच डोळे आहेत अशा अंधांवर.

अन्यत्र काट्याचा नायटा झाल्यावर शहाणपण आले. 2017 मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकेची ‘जॉन मॅकेन’ ही विनाशिका तेलवाहू जहाजावर आदळून 10 नौसैनिक मृत्युमुखी पडले. सुकाणूच्या स्पर्शपडद्यांवरील गोंधळ हे त्याचे एक कारण ठरले, आणि 2019 मध्ये त्या नौदलाने वेगनियंत्रणासाठी पुन्हा प्रत्यक्ष दांडे बसविण्याचे ठरविले. युरोपातील मोटारींची सुरक्षा जोखणारी ‘युरो एनकॅप’ ही संस्थाही 2026 पासून भोंगा, वायपर यांसाठी प्रत्यक्ष बटणे आहेत काय, हे गुण देताना पाहते.

लॅपटॉपमुळे जहाजे बुडत नाहीत, म्हणून चकतीसाठी कायदा करा असे कोणी म्हणणार नाही. परंतु शासन, विद्यापीठे आणि महाविद्यालये घाऊक खरेदी करतात. त्यांच्या निविदेत ‘आवाजासाठी स्वतंत्र, हाताला जाणवणारे बटण’ ही एक ओळ घातली, तर तक्त्यात तो रकाना आपोआप उमटेल. एकट्या ग्राहकाला जे मागता येत नाही, ते सार्वजनिक खरेदीदाराने मागावयाचे असते. घरातील यंत्राला गप्प बसविण्याचा अधिकार घरातील माणसाकडेच राहावा, एवढेच मागणे आहे.