शिली-शॅली : करू की नको?

"अगं, फॉर्म भरलास का?"
"बघते गं."
"बघते काय? उद्या शेवटची तारीख आहे!"
"हो, पण एम.ए. करू की जॉब घेऊ, तेच ठरत नाहीये..."

होस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये असं एक पात्र असतंच. आमच्या रूममधलं ते पात्र म्हणजे मी!

अशा वागण्याला इंग्रजीत एक झकास शब्द आहे, 'शिली-शॅली'. त्याचा जन्मही अशाच कुरकुरीतून झालाय. 'शॅल आय? शॅल आय?' म्हणजे 'करू का? करू का?' असं स्वतःलाच विचारत बसायचं. बोलता बोलता पहिल्या 'शॅल'चा झाला 'शिल'. विल्यम कॉन्ग्रीव्हच्या १७०० सालच्या 'द वे ऑफ द वर्ल्ड' या नाटकात तो 'शिल आय, शॅल आय' अशा रूपात भेटतो. आधी 'इ' आणि मग 'अ‍ॅ' किंवा 'ऑ', हा इंग्रजी जोडशब्दांचा लाडका ताल. झिगझॅग, फ्लिप-फ्लॉप, पिंग-पाँग आठवा.

वापरायचा कसा? ट्रिपचं घोंगडं आठवडाभर भिजत पडलंय, तर ग्रुपवर बिनधास्त लिहा, 'स्टॉप शिली-शॅलीइंग, बुक द तिकिट्स!' शब्द गप्पांमधला आहे, प्राचार्यांच्या अर्जात नको.

याचा भाऊ 'डिली-डॅली'. दोघांत गल्लत करू नका. काय करायचं ते ठरलंय, पण पाय निघत नाही, ती डिली-डॅली, म्हणजे आपली चालढकल. काय करायचं तेच ठरत नाही, ती शिली-शॅली. मराठीत 'धरसोड' जवळ जातो, पण त्यात आधी काहीतरी धरावं तरी लागतं! मला विचाराल तर नेमका शब्द लहानपणीच्या खेळातला, 'तळ्यात-मळ्यात'.

त्या खेळात अडखळला तो आउट. माझंही तेच झालं. फॉर्मची तारीख उलटली आणि उत्तराची वाट बघून जॉबवाल्यांनी दुसरीला घेतलं. मी दोन्हीपैकी कशालाच 'नाही' म्हटलं नव्हतं, तरी दोन्ही गेलं. वर्षभर घरी बसून तेवढं मात्र नीट कळलं.

यंदा एम.ए.चा फॉर्म पहिल्याच दिवशी भरला. निर्णय बरोबर आहे का? माहीत नाही. पण आता निदान मळ्यात तरी आहे!