रानकोंबडीची नव्हे, घरच्या कोंबडीची अंडी उबवा : चंद्रपूर-गडचिरोलीसाठी घरगुती उबवणीचे तंत्र

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचताना आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडताना झुडपाखाली पालापाचोळ्यात चार-सहा अंडी दिसतात. रानकोंबडी, तितर, लावा, चकोत्री, मोर हे सगळे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि त्यांचा विणीचा काळ बराचसा याच दिवसांत येतो. ही अंडी घरी आणून खुडुक कोंबडीखाली ठेवली तर पिल्ले निघतील का, असा प्रश्न आपल्या भागात नेहमी विचारला जातो. पिल्ले निघू शकतात. पण ती अंडी उचलणे हा गुन्हा आहे, आणि निघालेली पिल्ले सहसा जगत नाहीत. तीच मेहनत घरच्या अंड्यांवर योग्य पद्धतीने घेतली, तर हाती काहीतरी राहते. कसे, ते या लेखात पाहू.

फेझंट कुळ आपल्याच रानात

इंग्रजीत ज्यांना फेझंट म्हणतात त्या पक्ष्यांचे कुळ आपल्याला अनोळखी नाही. मोर, रानकोंबडा, चकोत्री, तितर, लावा हे सारे त्याच कुळातले. चंद्रपूरच्या जंगलात राखी रानकोंबडा आढळतो, तर छत्तीसगडकडच्या जंगलपट्ट्यात लाल रानकोंबडा. आपल्या अंगणातली कोंबडी मूळची या लाल रानकोंबड्यापासूनच माणसाळवलेली आहे. म्हणजे फेझंट कुळातला, पाळायला सोपा आणि कायदेशीर पक्षी प्रत्येक घरी आधीच आहे.

कायदा काय सांगतो?

- वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार 'शिकार' या शब्दात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना नुकसान पोहोचवणे, अंडी किंवा घरटे विस्कळीत करणे हेही येते. अंडी उचलून आणणे हा त्यातलाच प्रकार.
- मोर या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अशा प्रजातीबाबत गुन्हा सिद्ध झाल्यास किमान ३ वर्षे तुरुंगवास आणि किमान २५,००० रुपये दंड होतो. कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.
- 'आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आहे, मग अंडी का नाही?' असेही विचारले जाते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) सारख्या गावांनी २००९ मध्ये मिळवलेला हक्क बांबू, मोह, तेंदू अशा गौण वनोपजांवर आहे. वनहक्क कायदा २००६ ने वन्यप्राण्यांची शिकार करण्याचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला आहे.

एका टोपलीभर अंड्यांसाठी घरातल्या कर्त्या माणसावर गुन्हा दाखल होणे कुणालाच परवडणारे नाही.

पिल्ले का जगत नाहीत?

रानकोंबडीचे पिल्लू जन्मतःच बुजरे असते. आईच्या इशाऱ्यावर लपणे आणि वाळवी-किडे टिपणे हेच त्याचे सुरुवातीचे शिक्षण. खुराड्यात ते भिंतीवर धडका घेते, खात नाही आणि पहिल्या काही दिवसांतच मरते. जगले तरी मोठे झाल्यावर रानात पळते. त्यातच गावातल्या कोंबड्यांमधील मानमोडी (राणीखेत) किंवा देवीसारखा रोग त्याच्यासोबत जंगलात जाण्याचा धोका असतो.

उबवणीचा हंगाम निवडा

आपल्या भागात उबवणीसाठी दिवाळीनंतरचा ते महाशिवरात्रीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत नवीन अंडी बसवू नयेत. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. एवढ्या उष्णतेत साठवलेली अंडी बिघडतात, खुडुक कोंबडी घरटे सोडून उठते आणि पिल्लेही दगावतात.

अंड्यांची निवड

१. दुकानात मिळणाऱ्या पोल्ट्रीच्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत, कारण त्या कोंबड्यांत नर नसतो. आपल्या कळपात ८ ते १० कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा असावा.
२. नर त्याच कळपातला न ठेवता दर वर्षी दुसऱ्या गावातून आणावा. भावा-बहिणीच्या जोडीतून अंडी कमी फळतात आणि पिल्ले अशक्त निघतात.
३. मध्यम आकाराची, स्वच्छ, गुळगुळीत कवचाची अंडी घ्यावीत. फार मोठी, फार लहान, तडे गेलेली, पातळ कवचाची बाजूला काढावीत.
४. मळलेले अंडे धुऊ नये. धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो आणि जंतू आत शिरतात.
५. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जातींची अंडी घरी उबवली तर पुढच्या पिढीत तेच वजन व तेच अंडी उत्पादन टिकत नाही. या जातींच्या कोंबड्या खुडुकही क्वचितच होतात. त्यांची पिल्ले दर वेळी अधिकृत केंद्रातून घ्यावीत. घरच्या उबवणीसाठी गावठी किंवा असील कोंबडीच योग्य.

साठवण : यश इथेच ठरते

अंडी बसवण्याआधीचे आठ दिवस बहुतेक जण दुर्लक्षित करतात. साधारण २४ ते २७ अंशांच्या वर अंड्यातला गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि पुढे मरतो. अंडे बाहेरून चांगले दिसते, पण त्यातून पिल्लू निघत नाही.

- साठवणीसाठी १५ ते १८ अंश तापमान उत्तम. हिवाळ्यात घरातला थंड, अंधारा कोपरा पुरतो. उष्ण दिवसांत मातीच्या मडक्यात कोरडी वाळू घालून वर कापडावर अंडी ठेवावीत आणि मडक्याभोवती ओले पोते गुंडाळावे. अंडी ओली होऊ देऊ नयेत.
- अंड्याचे रुंद टोक वर ठेवावे. हवेची पोकळी त्या टोकाला असते.
- ७ दिवसांपेक्षा जुनी अंडी बसवू नयेत. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख लिहावी.

खुडुक कोंबडीखाली उबवण

- कोंबडीच्या अंगाखाली पूर्ण झाकली जातील एवढीच, म्हणजे १० ते १२ अंडी ठेवावीत.
- टोपलीत तणस पसरून तळाशी थोडी राख आणि कडुनिंबाचा पाला घालावा. अंगावर उवा असलेली कोंबडी अंड्यांवर नीट बसत नाही, म्हणून बसवण्याआधी तिच्या पिसांत राख चोळावी.
- कोंबडी रात्री बसवावी आणि सर्व अंडी एकाच वेळी ठेवावीत. नंतर कुणी नवे अंडे घातले तर पेन्सिलची खूण नसल्याने ते ओळखता येते, लगेच काढावे.
- टोपली अंधाऱ्या, शांत जागी, जमिनीपासून उंच ठेवावी. साप, मुंगूस, रानमांजर यांच्यापासून जाळीचे संरक्षण द्यावे.
- दिवसातून एकदा कोंबडी १५ ते २० मिनिटे खाली उतरवून दाणा-पाणी द्यावे.

छोट्या यंत्रात उबवण

बचत गटाने ५० ते १०० अंड्यांचे यंत्र घेतले असल्यास पुढील आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

- तापमान : पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश. पंखा नसल्यास अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.५ ते ३९ अंश.
- आर्द्रता : पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे ३ दिवस ६५ ते ७० टक्के. कोरड्या दिवसांत पाण्याचे भांडे पसरट ठेवावे, पावसाळ्यात पाणी कमी करावे.
- फिरवणे : दिवसातून ३ किंवा ५ वेळा, १८ व्या दिवसापर्यंत. त्यानंतर अंडी हलवू नयेत आणि यंत्र उघडू नये.
- यंत्र फक्त तापवते, थंड करत नाही. टिनाच्या छपराखाली खोलीच ४० अंशांवर गेली तर आतली अंडी वाचणार नाहीत. थोड्या वेळच्या थंडीपेक्षा जादा उष्णता अधिक घातक असते.
- वीज गेल्यास झाकण उघडू नये. हिवाळ्यात हवेची छिद्रे मोकळी ठेवून यंत्र घोंगडीने झाकावे.

टॉर्चने तपासणी

७ व्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडे धरावे. आत लाल शिरांचे जाळे आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर गर्भ जिवंत आहे. आरपार स्वच्छ दिसले तर अंडे फळलेले नाही. केवळ रक्ताचे कडे दिसले तर गर्भ मेला आहे. १८ व्या दिवशी पुन्हा पाहावे. रुंद टोकाची पोकळी सोडून बाकी अंडे गडद दिसायला हवे. खराब अंडी काढून खड्ड्यात पुरावीत.

ही तपासणी चूक कुठे झाली तेही सांगते. समजा १२ पैकी ५ अंडी ७ व्या दिवशी स्वच्छ दिसली, तर दोष बहुधा नरात किंवा नर-मादीच्या प्रमाणात आहे. रक्ताची कडी जास्त असतील तर साठवण तपासावी. पूर्ण वाढलेली पिल्ले कवचातच मेली असतील तर शेवटच्या तीन दिवसांची आर्द्रता आणि तापमान तपासावे. प्रत्येक फेरीची नोंद वहीत ठेवली तर पुढच्या फेरीत नेमकी सुधारणा करता येते.

पिल्ले निघाल्यावर

- पिल्ले २१ व्या दिवशी निघतात. अडकलेले पिल्लू ओढून काढू नये.
- यंत्रातल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब द्यावी, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करावी. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, दूर पळाली तर उष्णता जास्त आहे.
- लसीकरण : ५ ते ७ व्या दिवशी लासोटा, १४ व्या दिवसाच्या सुमारास गंबोरो, २८ व्या दिवसाच्या सुमारास पुन्हा लासोटा, ६ ते ८ आठवड्यांत देवी आणि ८ ते १० आठवड्यांत आर-टू-बी. स्थानिक वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून तपासून घ्यावे.
- एक कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांना पुरते आणि उघडल्यावर टिकत नाही. म्हणून चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात अंडी बसवावीत, म्हणजे लस वाया जात नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी ही जुळवाजुळव केली तर गावातली मरतूक बरीच थांबते.
- एकाच वेळी बरेच पक्षी मेले तर उघड्यावर फेकू नयेत, विकूही नयेत. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. देशातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला आढळला होता.

वेगळा पक्षी पाळायचा असेल तर

जपानी बटेर रानातल्या लावापेक्षा वेगळी, माणसाळवलेली जात आहे. भारतात ती १९७४ मध्ये उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे आणली गेली. तिची अंडी १७ ते १८ दिवसांत फुटतात, पण ती स्वतः खुडुक होत नाही, म्हणून यंत्र लागते. टर्कीला २८ दिवस, गिनी फाऊलला २६ ते २८ दिवस लागतात. परदेशात पाळल्या जाणाऱ्या फेझंटला सुमारे २४ दिवस लागतात. पण आपल्या आठवडी बाजारात ग्राहक गावठी कोंबडीच मागतो. कोणताही वेगळा पक्षी घेताना खरेदीची पावती जपून ठेवावी आणि आधी पशुसंवर्धन विभागाकडे नियम विचारावेत.

रानात घरटे दिसले तर

हात न लावता, पाला न हलवता बाजूने निघून जावे. माणूस दूर गेल्यावर मादी सहसा परत येते. मोहाखालचा पालापाचोळा पेटवू नये. त्यात अंडी आणि पिल्ले दोन्ही जळतात. झाडाखाली जाळी बांधली तर मोहफुले स्वच्छ मिळतात आणि आगीची गरज राहत नाही. जखमी पक्षी दिसल्यास वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावे.

घरगुती उबवणीविषयी अधिक मार्गदर्शनासाठी कृषी विज्ञान केंद्र, सिंदेवाही (चंद्रपूर) किंवा कृषी विज्ञान केंद्र, सोनापूर (गडचिरोली) येथे संपर्क साधावा. सुरुवात एका खुडुक कोंबडीपासून आणि दहा ताज्या अंड्यांपासून करावी. पहिल्या फेरीची नोंद हाती आली की मगच यंत्राचा विचार करावा.