विश्लेषण : सेकंड हँड ईको, ओम्नी घेताय? आधी कागद, मग चावी!

शहापूर, मुरबाडमधील अनेक घरांसाठी जुनी व्हॅन हीच पहिली चारचाकी ठरते. व्यवहार करताना कुठे फसगत होते, गाडी नावावर झाली नाही तर काय होते आणि घाट-पावसात ती टिकवायची कशी, हे समजून घेऊ.

आसनगाव किंवा खर्डी स्थानकावर रात्रीची लोकल सोडली, की पुढचा प्रवास खरा कठीण असतो. डोळखांब, किन्हवलीकडे जाणारी शेवटची एसटी निघून गेलेली असते. मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही. कल्याणहून रस्त्यानेच यावे लागते. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातून रुग्णाला पुढे कल्याण, ठाण्याला न्यायचे झाले, तर ‘गाडी कोणाकडे आहे’ हा पहिला प्रश्न असतो. लग्न, म्हशाची यात्रा, भाताची पोती, कॉलेजची परीक्षा, या सगळ्याला पुरेल अशी एक गाडी दारात असावी, असे म्हणूनच वाटते.

नवी सात आसनी गाडी परवडत नाही. मग ओळखीतून एखादी जुनी ‘ईको’ किंवा त्याहून जुनी ‘ओम्नी’ समोर येते. ‘एकहाती गाडी आहे, फक्त टायर टाका आणि चालवा’ असे सांगितले जाते. इसारा दिला जातो, चावी मिळते. कागद मात्र ‘नंतर करू’ म्हणून राहून जातात. महागात पडणारी चूक इथेच होते.

ईको आणि ओम्नी : फरक काय?

मारुतीने १९८४ मध्ये व्हॅन आणली आणि १९८८ मध्ये तिला ‘ओम्नी’ हे नाव मिळाले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि सरकते दरवाजे ही तिची ओळख. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज बाजारात मिळणारी प्रत्येक ओम्नी काही वर्षे वापरलेलीच आहे.

ईको जानेवारी २०१० मध्ये आली. सुरुवातीला ११९६ सीसीचे इंजिन होते. नोव्हेंबर २०२२ पासून ११९७ सीसीचे नवे इंजिन आले. नव्या पेट्रोल ईकोचे कंपनीने सांगितलेले मायलेज लिटरला १९.७१ किमी, तर सीएनजीचे किलोला २६.७८ किमी आहे. जुन्या इंजिनाचे आकडे याहून कमी होते. भरलेली गाडी, चढ आणि खड्डे धरले तर प्रत्यक्ष मायलेज आणखी खाली येते. उदाहरणार्थ, महिन्याला १ हजार किमी धावणारी गाडी लिटरला १४ किमी देत असेल, तर सुमारे ७१ लिटर पेट्रोल लागेल. गाडी घेण्याआधी हा हिशोब आजच्या दराने करून पाहा.

किमतीबाबत आणखी एक मुद्दा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल, सीएनजी गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला. ईको या गटात बसते. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरायला हवा. त्यामुळे त्याआधीचे दर सांगून कोणी किंमत लावत असेल, तर घासाघीस करायला हरकत नाही. दोन व्यक्तींमधील थेट व्यवहारावर जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत विक्रेत्याला तो त्याच्या नफ्यावर भरावा लागतो.

गाडी नावावर झाली नाही तर?

पैसे दिले, गाडी दारात आली, म्हणजे मालकी आली असे आपण समजतो. कायदा मात्र आरसीवर नाव कोणाचे आहे ते पाहतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच स्पष्ट केले. गाडी हातोहात विकली गेली होती, पण नोंद बदलली नव्हती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली.

हे झाले विकणाऱ्याचे. घेणाऱ्याचे नुकसानही कमी नाही. मालक-चालकासाठी असलेले १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण नोंदणीकृत मालकासाठी असते. आरसी जुन्या मालकाच्या नावावर असेल आणि गाडी चालवताना तुमचे बरेवाईट झाले, तर कुटुंबाला त्या रकमेवर हक्क सांगता येणे कठीण होते. घरातील कमावत्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मुदती लक्षात ठेवा :

• विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत हस्तांतरणाची माहिती आरटीओला द्यायची.
• घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा.
• विम्याच्या हस्तांतरणासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचे. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ मात्र तुम्हाला मिळत नाही. तो गाडीचा नसून माणसाचा असतो.

कोणते फॉर्म लागतात?

• फॉर्म २९ आणि ३० : विक्री व हस्तांतरणासाठी. कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊ नका आणि घेऊ नका.
• फॉर्म ३५ : गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या ना हरकतीसह बोजा उतरवण्यासाठी. कर्ज फिटले असले तरी आरसीवरचा बोजा आपोआप जात नाही.
• फॉर्म २८ : गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून किंवा परराज्यातून आणायची असल्यास ना हरकत दाखल्यासाठी.
• फॉर्म ३१ : मूळ मालकाचे निधन झाले असेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी. गावात आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावरच राहिलेल्या गाड्या अनेक असतात. ‘आमच्याच घरातली आहे’ एवढ्यावर व्यवहार करू नका. आधी वारसाचे नाव लागू द्या, मग पैसे द्या.

व्यवहारापूर्वी एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि बोजा तपासा. ई-चलान थकले आहे का तेही पाहा. जुन्या मालकाचा फास्टॅग काढून नवा लावा. नाही तर नाशिक महामार्गावर टोल तुमचा आणि पैसे त्याचे, असा वाद होईल. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवली आहे का हे विचारा. राज्यात चारचाकीसाठी त्याचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी असा ठरला आहे.

पंधरा वर्षे पूर्ण होत आली असतील तर?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. २०११ ची ईको स्वस्त दिसते, ती याचमुळे. चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये झाले आणि २० वर्षांवरील गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १० हजार रुपये करण्यात आले. त्यावर पर्यावरण कर आणि तपासणीत पास होण्यासाठीची दुरुस्ती वेगळी. हा सगळा खर्च विकत घेण्याच्या किमतीत धरूनच भाव ठरवा.

गाडी पाहताना काय तपासावे?

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. आधीच गरम करून ठेवली असेल तर ‘का’ असे विचारा.

• पत्रा : भिवंडी-कल्याण पट्ट्यात धावलेल्या आणि पावसात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा तळ आधी सडतो. मॅट उचलून पाहा. चाकांच्या कमानी आणि सरकत्या दरवाजाच्या पट्टीखाली लांबी भरून रंग मारलेला असतो. लोहचुंबक लावा, जाड लांबीवर तो धरत नाही.
• इंजिन : ते पुढच्या सीटखाली असते. सीट उचलून तेलगळती, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि कूलंटचा रंग पाहा. ओम्नीत टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला याची नोंद मागा. ईकोच्या नव्या ११९७ सीसी इंजिनात चेन असते.
• मागचा भाग : गाडी पुढे-मागे करताना ‘टक्’ असा आवाज आला, तर लांब शाफ्टचे जॉइंट झिजलेले असू शकतात. डिफरन्शियलमधून घुर्र आवाज येत असेल तर खर्च मोठा आहे.
• टायर : नक्षी पुरेशी नाही, वयही पाहा. बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.
• सीएनजी : किटची नोंद आरसीवर हवी. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी लागते. त्याचा दाखला पाहा. नोंद नसलेले किट स्वस्त वाटते, पण अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.
• आसने : आरसीवर पाच आणि आत आठ, असे असेल तर ती गाडी सोडून द्या.

कोणत्या वर्षाची घ्यावी?

घरची माणसे बसणार असतील तर सुरक्षेसाठी वर्ष महत्त्वाचे आहे. २०१६ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने एअरबॅग नसलेल्या ईकोची चाचणी घेतली, तेव्हा प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले होते. व्हॅनचे नाक आखूड असते, हे डोळ्यांनाही दिसते. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. जानेवारी २०२२ पासून शेजारच्या आसनालाही एअरबॅग आली. म्हणून बजेट थोडे ताणता आले, तर २०१९ च्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरची गाडी शोधा. ते शक्य नसेल, तर निदान सगळ्या पट्ट्यांचे लॉक चालतात ना, हे बसून पाहा.

शहापूर-मुरबाडमध्ये देखभाल वेगळी का?

एकाच गाडीला इथे तीन परीक्षा द्याव्या लागतात : कसारा-माळशेजचा घाट, चार महिन्यांचा पाऊस आणि उरलेले आठ महिने धूळ.

घाट उतरताना पाय ब्रेकवर ठेवून बसू नका. मागचे ड्रम ब्रेक तापले की पकड कमी होते. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषते. सात माणसे बसवून चढ चढताना सीएनजीवर गाडी दम टाकत असेल, तर पेट्रोलवर घ्या. कूलंटमध्ये विहिरीचे पाणी भरण्याची सवय सोडा. रेडिएटर आतून गंजतो.

पावसाळ्यात उल्हास, काळू नद्यांना पूर आला की रायत्यासारखे पूल पाण्याखाली जातात. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावे लागते. साध्या विम्यात असे नुकसान सहसा धरत नाहीत. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा संरक्षण लागते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचा एक रुपयाही मिळत नाही. थर्ड पार्टीचा जून २०२२ पासूनचा वार्षिक दर ओम्नीसारख्या १ हजार सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४ रुपये, तर ईकोच्या गटाला ३,४१६ रुपये अधिक जीएसटी असा आहे.

भात कापणीनंतर उंदीर उबेला इंजिनाच्या जागेत शिरतात. आठवड्यातून एकदा सीट उचलून पाहणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या अंतरापेक्षा लवकर साफ करा. इंजिन ऑइल साधारण १० हजार किमी किंवा एक वर्ष, यापैकी जे आधी येईल तेव्हा बदलायचे. गाडी कमी फिरते म्हणून तेल तीन वर्षे तसेच ठेवू नका. जुन्या गाडीत २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल वापरताना रबरी नळ्या कडक झाल्या आहेत का, पेट्रोलचा वास येतो का, याकडे लक्ष ठेवा. इंजिन सीटखालीच असल्याने असा वास अंगावर काढायचा नाही.

हप्ता निघावा म्हणून भाडे मारले तर?

हा प्रश्न बहुतेक घरांत येतो. स्थानकावरून चार माणसे घेतली, शाळेची वर्दी धरली, तर पेट्रोलचा खर्च निघतो. पण पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणे म्हणजे परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ नुसार पहिल्याच वेळी १० हजार रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. त्याहून मोठा धोका विम्याचा. खासगी वापराच्या पॉलिसीवर भाड्याचे प्रवासी असताना अपघात झाला, तर भरपाईचा भार शेवटी मालकावर येऊ शकतो आणि ती रक्कम गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते. धंदाच करायचा असेल तर रीतसर पिवळी पाटी, परवाना आणि त्याचा विमा घ्या. शेजारच्या आजारी माणसाला पैसे न घेता दवाखान्यात नेणे हा गुन्हा नाही, हेही तितकेच खरे.

थोडक्यात

• किमतीतील काही रक्कम गाडी नावावर होईपर्यंत राखून ठेवा आणि तसे लेखी करा.
• ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चढवून खालून पाहा.
• पहिल्याच महिन्यात सर्व तेले, कूलंट, फिल्टर, बेल्ट आणि बॅटरी तपासण्यासाठी वेगळे पैसे ठेवा. किमतीत सगळे पैसे संपवू नका.
• आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर ठेवा. बीएस ४ आणि पुढच्या गाड्यांची पीयूसी वर्षाची, त्याआधीच्यांची सहा महिन्यांची असते.
• स्टेपनी, जॅक आणि पाना गाडीत आहेत ना, हे दर महिन्याला पाहा.

रात्री दोन वाजता कोणाला दवाखान्यात न्यायचे असेल, तेव्हा गाडी एका चावीत सुरू व्हायला हवी. आणि वाटेत काही झालेच, तर तिचे कागद तुमच्याच नावावर असायला हवेत.