चार मात्रांची हाक

एप्रिल लागला की अंबरनाथ पश्चिमेला भीमजयंतीची स्टेजं उभी राहू लागतात. हार्मोनियम, ढोलक, बँजो, मागे टाळ्या धरणारा कोरस. गायन पार्टी कुठलीही असो, रात्र चढेपर्यंत एकदा तरी शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ हे नाव येतंच, आणि समोर बसलेली जुनी माणसं माना डोलावतात.

हे वामन म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक. (आंबेडकरी जलशांचे शाहीर भीमराव कर्डक वेगळे, दोघांची नेहमी गल्लत होते.) वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. पोटासाठी मुंबईत आले, मजुरी केली, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. तिथे कुणीतरी पत्र वाचायला दिलं आणि ते वाचता येईना, ही नामुष्की त्यांच्या जिव्हारी लागली. मोठ्या वयात अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. 3 मे 1943 रोजी पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर.

चाल उसनी घेण्यात या परंपरेला कधी कमीपणा वाटला नाही. सिनेमाची, कव्वालीची, तमाशाची, जी लोकांच्या कानात आधीच बसली आहे ती घ्यायची आणि तिच्यात नवा विचार भरायचा. मग एकाच गाण्याला दोन पार्ट्यांत दोन चाली लागतात. अशा वेळी वामनदादांची संगीतखूण स्वरांत शोधून हाती फारसं लागत नाही. ती सापडते शब्दांच्या वजनात.

त्यांच्या गाण्यांची तोंडं पाहा. ‘सांगत्ये ऐका’ (1959) या चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेलं, वसंत पवारांनी स्वरबद्ध केलेलं गाणं ‘सांगा’ या शब्दाने उघडतं. बड्या भांडवलदारांकडे आपल्या वाट्याचा हिशेब मागणारं त्यांचं गाजलेलं गाणंही ‘सांगा’नेच सुरू होतं. पहिलं चित्रपटगीत, दुसरा जाब. पण दोन्हींची सुरुवात समोरच्याला घातलेल्या हाकेने. बाबासाहेबांवरच्या कितीतरी गाण्यांत ‘भीमा’ ही हाक पहिलीच असते. ‘सांगा’, ‘भीमा’: दोन गुरू अक्षरं, चार मात्रा, शेवटी मोकळा ‘आ’. गायकाला आवाज उचलायला, लांबवायला, ढोलक समेवर येईपर्यंत तोलून धरायला यापरती सोयीची जागा नाही.

‘भीमा तुझ्या मताचे’ ही गझल टाळीवर म्हणून बघावी. गागालगालगागा, पुन्हा गागालगालगागा. हे आनंदकंद वृत्त, इक्बालच्या ‘तराना-ए-हिंदी’चंही वजन हेच. काफिया (यमक) ‘ओक’चा, रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारा शब्द) ‘असते’. अनुयायांना ‘जर’ची तलवार दाखवणारी ही गझल, आणि तिचा प्रत्येक शेर त्याच ‘असते’वर येऊन थांबतो. हे झालं असतं, पण झालं नाही, ही बोच शेर बदलला तरी बदलत नाही. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचा कान इतका पक्का होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता शेवटचा अंतरा. वारकरी अभंगात नाममुद्रा असते, गझलेच्या मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, तखल्लुस असतं. वामनदादांना दोन्हीकडचा वारसा होता. ‘वामन’ या नावाचं वजनही चारच मात्रांचं. म्हणजे तोंडाशी जिथे ‘भीमा’ बसतो, तिथे शेवटी ‘वामन’ चपखल बसतो. हाकेने उघडलेलं गाणं हाक घालणाऱ्याच्या नावावर मिटतं. चाल बदलली, गायक बदलला, कॅसेटवर कवीचं नाव छापायचं राहिलं, तरी मुद्रा गाण्याच्या पोटात शाबूत राहते.

ही गाणी गायली जातात तो पट्टाही पाहा. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे होतात. कसाऱ्याचा फाटा वामनदादांच्या नाशिककडे जातो, कर्जतच्या फाट्यावर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येतात. त्याच कल्याणात गायक प्रल्हाद शिंदे राहत. या सगळ्या पट्ट्यातल्या गायन पार्ट्यांवर त्यांच्या गळ्याची छाप आहे. वामनदादा 15 मे 2004 रोजी गेले, प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी जूनमध्ये. आज स्टेजवर त्यांच्या पुढच्या पिढ्या गातात. बुकिंग जास्त, वेळ थोडा, म्हणून दोन अंतऱ्यांत गाणं आवरतं घेतात. कापायचंच असेल तर मधला अंतरा कापावा; शेवटच्याला हात लावू नये. त्यात सही आहे.