विश्लेषण : ‘लाडकी बहीण’सारख्या योजनांनी महिलांची मते खरोखर फिरतात का? संशोधन काय सांगते?

लोकसभेच्या २०२४ मधील निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ पैकी १७ जागांवर समाधान मानावे लागलेल्या महायुतीतील तीन प्रमुख पक्षांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. मधल्या काळात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली. त्यामुळे विजयाचे श्रेय बहिणींना देऊन विजेते आणि पराभूत दोघेही मोकळे झाले. पण खात्यात पैसे आले म्हणून महिलांनी मत दिले, असे म्हणणे कितपत बरोबर आहे? महिलांचे मतदान, प्रचार आणि कल्याणकारी योजना यांवर झालेल्या संशोधनाचे उत्तर एवढे सरळ नाही.

महिलांचे मतदान कधीपासून वाढले?

रोख मदतीच्या योजना येण्याच्या खूप आधीपासून. १९६२च्या लोकसभा निवडणुकीत पुरुषांचे मतदान सुमारे ६३ टक्के, तर महिलांचे जेमतेम ४७ टक्के होते. म्हणजे जवळपास १७ टक्के बिंदूंचा फरक. २०१४ मध्ये तो दीड टक्का बिंदूवर आला आणि २०१९ व २०२४ मध्ये महिला पुरुषांच्या किंचित पुढे गेल्या. मुदित कपूर आणि शमिका रवी या अर्थतज्ज्ञांनी विधानसभा निवडणुकांच्या पाच दशकांच्या आकडेवारीचा अभ्यास करून २०१४ मध्ये या बदलाला ‘मूक क्रांती’ म्हटले. १९६०च्या दशकात दर हजार पुरुष मतदारांमागे ७१५ महिला मतदान करत. २०००च्या दशकात हे प्रमाण ८८३ झाले. मागास मानल्या जाणाऱ्या राज्यांतही ही वाढ दिसली. बिहारमध्ये तर २०१० पासून प्रत्येक विधानसभा निवडणुकीत महिलांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा जास्त आहे. थोडक्यात, योजनांनी महिला मतदार घडवला नाही. महिला मतदार आधी वाढला, मग पक्ष त्याच्या दारी गेले.

योजनांची लाट कशी आली?

आसामने २०२० मध्ये ‘अरुणोदय’ सुरू केली. पश्चिम बंगालमध्ये तृणमूल काँग्रेसने २०२१च्या निवडणुकीत आश्वासन दिलेली ‘लक्ष्मीर भांडार’ त्याच वर्षी आली. २०२३ मध्ये मध्य प्रदेशात ‘लाडली बहना’, कर्नाटकात ‘गृहलक्ष्मी’ आणि तमिळनाडूत महिला हक्क निधी योजना सुरू झाली. २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि झारखंड, तर २०२५ मध्ये बिहारची भर पडली. यात भाजप, काँग्रेस, द्रमुक, तृणमूल, झारखंड मुक्ती मोर्चा असे सगळेच आले. पुढे बोलीही वाढत गेली. महाराष्ट्रात दरमहा १५०० रुपये मिळत असताना महायुतीने २१०० रुपयांचे, तर महाविकास आघाडीने ३००० रुपयांचे आश्वासन दिले.

महाराष्ट्रातील आकडे काय दाखवतात?

२०१९च्या विधानसभेत महिलांचे मतदान सुमारे ५९ टक्के होते, ते २०२४ मध्ये सुमारे ६५ टक्क्यांवर गेले. वाढ सहा टक्के बिंदूंची. पण त्याच निवडणुकीत पुरुषांचे मतदानही सुमारे चार टक्के बिंदूंनी वाढले आणि एकूण टक्केवारीत पुरुषच थोडे पुढे राहिले. म्हणजे मतदान वाढण्यामागे योजनेपलीकडचीही कारणे होती. शिवाय मत गुप्त असते. मतदान केंद्रावर किती महिला आल्या हे निवडणूक आयोग सांगतो, त्यांनी कोणते बटण दाबले हे नाही. सोयाबीनचा भाव, आरक्षणाचा वाद, जातींची जुळवाजुळव, आघाडीतील जागावाटपाची ओढाताण हे सारे एकाच वेळी घडत असताना त्यातून एका योजनेचा परिणाम वेगळा काढणे कठीण असते. फक्त रकमेवर मत ठरत असते, तर ३००० रुपयांचे आश्वासन देणारे जिंकायला हवे होते. मध्य प्रदेशातही १५०० रुपये देऊ म्हणणारी काँग्रेस हरली आणि तेव्हा १२५० रुपये देत असलेला भाजप जिंकला. मिळणाऱ्या पैशापुढे मिळू शकणाऱ्या पैशाचे वजन कमी पडते, असा याचा एक अर्थ लावता येतो.

पैसे दिले की मते मिळतात, हे सिद्ध झाले आहे का?

यावर सर्वाधिक अभ्यास लॅटिन अमेरिकेत झाला आहे. मेक्सिकोत ‘प्रोग्रेसा’ योजना काही गावांत आधी, काही गावांत नंतर सुरू झाली आणि हा क्रम चिठ्ठ्या टाकाव्यात तसा यादृच्छिक पद्धतीने ठरला होता. त्याचा आधार घेऊन अ‍ॅना दे ला ओ यांनी दाखवले, की आधी लाभ मिळालेल्या गावांत २००० सालच्या निवडणुकीत मतदान आणि सत्ताधारी पक्षाची मते, दोन्ही वाढली. मात्र कोसुके इमाई, गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा त्यांना असा परिणाम आढळला नाही. आणि त्या निवडणुकीत सत्तर वर्षांहून अधिक काळ सत्तेत असलेला पक्ष अध्यक्षपद गमावून बसला, हे वेगळेच.

ब्राझीलमध्ये सेझार झुको यांना रोख योजनांचा फायदा अध्यक्षीय निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना होताना दिसला. पण तो जो सत्तेत असेल त्याला झाला. मतदार त्या पक्षाशी कायमचे बांधले गेले नाहीत.

भारतातील ठळक उलट उदाहरण आंध्र प्रदेशचे. जगनमोहन रेड्डी यांच्या सरकारने पाच वर्षे थेट खात्यात पैसे दिले. शाळकरी मुलांच्या मातांसाठी ‘अम्मा वोडी’, मध्यमवयीन महिलांसाठी ‘चेयुता’ अशा योजना होत्या. तरीही २०२४ मध्ये त्यांच्या पक्षाला १७५ पैकी केवळ ११ जागा मिळाल्या.

खात्यातील पैशाने घरात काय बदलते?

मतांच्या हिशेबात हा प्रश्न मागे पडतो. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी थेट महिलांच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि काहींना खाते वापरण्याचे प्रशिक्षण दिले. ज्यांना खाते, थेट मजुरी आणि प्रशिक्षण असे सगळे मिळाले, त्या केवळ खाते मिळालेल्या महिलांपेक्षा अधिक प्रमाणात कामासाठी बाहेर पडल्या. बाईने कमावण्याबाबतची त्यांची स्वतःची मतेही अधिक मोकळी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा मथितार्थ असा, की नुसते खाते पुरेसे नाही. पैसा कोणाच्या हातात राहतो हे महत्त्वाचे.

मतदान वाढले, मग सत्तेत वाटा का वाढला नाही?

‘लाडक्या बहिणीं’ची म्हणून गाजलेल्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या विधानसभेत २१ महिला निवडून आल्या. २०१९ मध्ये ही संख्या २४ होती. लोकसभेतही महिला खासदार ७८ वरून ७४ वर आल्या. सोलेदाद प्रिल्लामन यांनी मध्य प्रदेशात केलेल्या संशोधनातून यामागचे एक कारण पुढे येते. महिला पुरुषांइतक्याच मतदान करतात, पण ग्रामसभेत बोलणे, अधिकाऱ्याकडे तक्रार नेणे यात त्या खूप मागे असतात. कारण राजकारणापुरते घर हे एकच एकक मानले जाते आणि त्याच्या वतीने पुरुष बोलतो. जिथे बचत गट होते, तिथे महिलांना घराबाहेरच्या महिलांची साथ मिळाली आणि हा सहभाग लक्षणीय वाढला.

दुसरा मार्ग आरक्षणाचा. रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेचा अभ्यास केला. १९९७ मध्ये जे प्रभाग सोडतीने महिलांसाठी राखीव होते, ते २००२ मध्ये खुले झाल्यावरही तिथे महिला निवडून येण्याची शक्यता इतर प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांना पश्चिम बंगाल व राजस्थानात आढळले, की महिला सरपंच असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. लोकसभा व विधानसभांतील ३३ टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, मात्र मंजूर करतानाच तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडण्यात आली.

न्यायालय आणि तिजोरीचे काय?

जाहीरनाम्यातील आश्वासन हा लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तमिळनाडूतील प्रकरणात म्हटले. २०२२ मध्ये हा विषय फेरविचारासाठी तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला. महाराष्ट्रात योजनेचा वार्षिक खर्च सुरुवातीला ४६ हजार कोटी रुपये सांगितला गेला होता. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तरतूद ३६ हजार कोटींची झाली आणि २१०० रुपयांची वाढ त्यात नव्हती. निवडणुकीपूर्वी भराभर मंजूर झालेल्या अर्जांची पडताळणी निवडणुकीनंतर सुरू झाली. २०२५ मध्ये २६ लाखांहून अधिक लाभार्थ्यांचे पैसे थांबवण्यात आले, ई-केवायसी सक्तीची झाली.

मग या योजनांकडे कसे पाहावे?

१५०० रुपयांत गॅसची टाकी, औषधे, मुलांच्या वह्या येतात. ज्या बाईला स्वतःचे म्हणून काही उत्पन्न नाही, तिच्यासाठी ही रक्कम मोठी आहे. ती घेतली म्हणून तिने मत विकले, असा निष्कर्ष उपलब्ध संशोधनातून निघत नाही. पण योजनेचा लाभ हक्क म्हणून टिकतो की निवडणुकीच्या वेळापत्रकानुसार वाढतो-घटतो, यावर तिचे खरे मोल ठरेल. पैसे थांबले तर दाद कुठे मागायची आणि तिथे आपल्या बाजूने बोलणारे कोण आहे, हे ज्या महिलेला माहीत असेल, तिची ताकद मतदानाच्या दिवसापुरती उरणार नाही.