ओटीवरची कपाटं: पुस्तकांचं गाव भिलार

वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी. तिथून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागल्यावर थोड्याच वेळात भिलारचा फाटा येतो. बहुतेक गाड्या या फाट्यावर थांबत नाहीत. त्यांना वेण्णा लेकची होडी आणि स्ट्रॉबेरी क्रीम गाठायचं असतं. फाट्यावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीचे गादीवाफे दिसतात आणि मग रंगवलेल्या भिंतींची घरं सुरू होतात. कुठल्या घरात कादंबऱ्या, कुठल्या घरात चरित्रं, कुठे दिवाळी अंक, कुठे बालसाहित्य हे बाहेरच्या पाटीवरच लिहिलेलं असतं. पाटी वाचायची, चपला काढायच्या आणि आत जायचं.

४ मे २०१७ रोजी भिलारला ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून सुरुवात झाली. उद्घाटन तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं. कल्पना तेव्हाचे मराठी भाषामंत्री विनोद तावडे यांनी उचलून धरली होती आणि काम राज्य मराठी विकास संस्थेकडे होतं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तकं ठेवली गेली. पुढे ठिकाणंही वाढली आणि पुस्तकंही. जागा मात्र सरकारने बांधलेली नव्हती. राहती घरं, देऊळ, शाळा, लॉज अशा जागा गावकऱ्यांनी स्वखुशीने दिल्या. कपाटं, टेबलं, खुर्च्या आणि पुस्तकं संस्थेने पुरवली. भिंतींवर चित्रं काढायला बाहेरून चित्रकार आले. त्यामुळे भिलारमध्ये ग्रंथालयाची इमारत शोधत फिरणाऱ्याला ती सापडत नाही. घराच्या पुढच्या खोलीत कपाटं असतात आणि मागच्या खोलीत फोडणी पडलेली असते.

वेल्समधलं हे-ऑन-वाय हे या कल्पनेचं मूळ म्हणून सांगितलं जातं. ते खरंच आहे. इंग्लंडच्या सीमेला खेटून असलेल्या त्या लहानशा गावात रिचर्ड बूथ नावाच्या विक्षिप्त माणसाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या पुस्तकांची दुकानदारी सुरू केली. अग्निशमन दलाची जुनी इमारतही त्याने पुस्तकांनी भरली. १ एप्रिल १९७७ला तर त्याने गाव स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं आणि स्वतःला राजा करून घेतलं. तारीख पाहिली की त्याचा मिश्कीलपणा कळतो. पण हे-ऑन-वाय हा मुळात बाजार आहे. तिथे पुस्तक विकलं जातं, म्हणून दुकान चालतं आणि म्हणून गाव चालतं. भिलारमध्ये पुस्तक विकायचं नाही. वाचायचं, तेही तिथेच बसून, आणि त्याला पैसे पडत नाहीत. घरच्यांना मिळकत झालीच तर ती आलेल्या पाहुण्याच्या चहा-नाश्त्यातून, जेवणातून, मुक्कामातून किंवा वाफ्यावरून उचललेल्या स्ट्रॉबेरीच्या खोक्यातून. दोन गावांत साम्य शोधायचं तर ते एवढंच, की दोन्हीकडे माणसं पुस्तकांच्या निमित्ताने वाट वाकडी करून येतात.

माझ्या मते भिलारची मुळं वेल्सपेक्षा खूप जवळ आहेत. गावात एकाने वाचायचं, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकता ऐकता मध्येच शंका काढायची, हा प्रकार महाराष्ट्राच्या खेड्यांना कोणी परदेशातून आणून दिलेला नाही. श्रावणात देवळात पोथी लागायची. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ अक्षरओळख नसलेल्या माणसांनाही प्रसंगांसकट ठाऊक असत. ज्ञानेश्वरीच्या पारायणाचे सप्ताह आजही बसतात. अलीकडे शहरांत पुस्तक भिशी चालते, वाचनकट्टे भरतात, अभिवाचनाचे कार्यक्रम होतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या नावाने ग्रंथपेट्या फिरवल्या. पेटी एका गटात वाचून झाली की ती बदलून दुसरी घ्यायची. त्या पेट्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही गेल्या. या सगळ्याची रीत मला पोथीच्या बैठकीसारखीच वाटते, फक्त पोथीच्या जागी कादंबरी आली आणि सांगणाऱ्या बुवांच्या जागी सगळेच बोलू लागले.

म्हणून भिलारच्या घरात शिरल्यावर मी आधी कपाटाकडे पाहत नाही, घरातल्या माणसाकडे पाहतो. त्या खोलीतलं एखादं पुस्तक हातात देऊन ‘हे बघा’ म्हणणारं कोणी असेल, तर ते घर चालतं. नुसती किल्ली सांभाळणारं असेल, तर कपाटं बंद काचेआड शोभेची होतात. गावाच्या यशाचं मोजमाप पाहुण्यांच्या आकड्यात केलं जातं, ते मला पटत नाही. रंगीत भिंतीपुढे फोटो काढून दहा मिनिटांत निघणाऱ्यांनी आकडा फुगतो. भिलारची पोरं कुठली पुस्तकं पुन्हा पुन्हा काढून वाचतात आणि हंगाम संपल्यावर घरातल्या बाया कोणत्या कपाटापाशी बसतात, हे त्या आकड्यात येत नाही.

हंगामाचं गणित इथे महत्त्वाचं आहे. पाऊस ओसरला की रोपांची लागण, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तोडणी. त्या महिन्यांत पहाटे वाफ्यावर गेलेल्या माणसाला दुपारी पाहुण्यांशी साहित्यावर बोलायला सवड कुठली? महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा याच पट्ट्यातून जातो. गावाचं पोट त्यावर आहे. पर्यटकही नेमके याच महिन्यांत येतात. मग येतो पाऊस. या डोंगरमाथ्यावर पावसाळा म्हणजे घरांना झड्या बांधून आत बसायचे दिवस. झडी पूर्वी गवताची असे, आता बहुधा प्लॅस्टिकची असते. वाचायला याहून चांगला काळ नाही आणि पुस्तकांना याहून वाईट काळ नाही. दमट हवेत कागद फुगतो, बांधणीला बुरशी धरते. पंधरा हजार पुस्तकं गावात आणणं हे एका उन्हाळ्याचं काम. ती पावसाळ्यामागून पावसाळे कोरडी ठेवणं हे कायमचं काम आहे आणि त्याचं उद्घाटन होत नसतं.

या गावाचं आणखी एक कपाट होतं, ते पुस्तकांचं नव्हतं. भिकू दाजी भिलारे, म्हणजे भिलारे गुरुजी, इथलेच. स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते, राष्ट्र सेवा दलाचे, पुढे जावळीचे आमदार. १९४४मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी विश्रांतीसाठी पाचगणीला आले होते. तिथल्या प्रार्थनासभेच्या वेळी नथुराम गोडसे सुरा घेऊन पुढे आला आणि आपण त्याला पकडून सुरा हिसकावला, असं गुरुजी सांगत. गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगापुढेही पाचगणीच्या त्या प्रसंगाची चर्चा झाली. तिथे नेमकं काय घडलं, सुरा होता की नव्हता, यावर पुढेही वाद होत राहिले. आयुष्यभर एक आठवण सांगत राहिलेला माणूस, दुसऱ्या बाजूला कागदोपत्री पुरावे आणि शंका. इतिहास म्हणजे काय हे कळायला यापेक्षा चांगला धडा शाळेतल्या मुलांना कोणता देणार? गाव पुस्तकांचं झालं त्यानंतर साधारण अडीच महिन्यांतच, जुलै २०१७मध्ये, गुरुजी गेले. तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी कधीच ओलांडली होती.

आता तो प्रसंग त्यांच्या तोंडून ऐकता येणार नाही. पण त्यांना ऐकलेली माणसं गावात आहेत. पाचगणीचा तो पावसाळा, जावळीच्या खोऱ्यातली चळवळ, पहिल्यांदा स्ट्रॉबेरी लावली तेव्हाची फजिती, कोयनेच्या धरणाने उठलेल्या गावांच्या हकिगती, हे सगळं या परिसरातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात असतं. ते लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवावं. ज्या घरात इतिहासाची पुस्तकं आहेत, तिथेच आठवड्यातून एका संध्याकाळी एखाद्या आजींना बसवावं आणि शाळेच्या मुलांनी प्रश्न विचारावेत. त्याला खर्च फारसा येत नाही. पुस्तकात काय छापलंय आणि आजी काय सांगतात, हे मुलांनी ताडून पाहावं. मतभेद निघाले तर उत्तमच.

इतिहास जिवंत ठेवायची या भागाला सवय आहे. १६५६च्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी मोऱ्यांची जावळी घेतली, त्याच सुमारास प्रतापगड उभा राहिला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याला अफझलखानाचा वध झाला. महाबळेश्वर ओलांडून आंबेनळीचा घाट उतरू लागलं की गड लागतो. दरवर्षी मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला तिथे शिवप्रतापदिन साजरा होतो. पालखी, ढोल-लेझीम, मर्दानी खेळ, पोवाडे, सगळं दणक्यात. त्या गर्दीत अंगावर काटा येतो, हे मी नाकारत नाही. फक्त दांडपट्टा पाहून परतलेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी भिलारच्या गडकिल्ल्यांच्या कपाटापाशी एक तास बसावं, असा कार्यक्रम शाळांच्या सहलीत घालायला काय हरकत आहे? दोन्ही ठिकाणं एका मुक्कामात होतात.

भिलारनंतर सरकारने आणखी गावं निवडली. बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले, औदुंबरजवळचं अंकलखोप, गोंदियातलं नवेगाव बांध आणि वेरूळ. निवड चांगली आहे. पोंभुर्ल्याला मराठी पत्रकारितेच्या जनकाचं नाव आहे, औदुंबरला संक्रांतीच्या साहित्य संमेलनाची जुनी परंपरा आहे. पण गावागावांत पाट्या लावताना भिलारचा अनुभव विसरू नये. घरातलं माणूस तयार झालं नाही तर कपाट काही बोलत नाही.

भिलारला जायचं तर शनिवार-रविवार टाळा आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या धावत्या सहलीत दीड तास कोंबू नका. एक मुक्काम करा. एकाच घरात बसून एकच पुस्तक वाचलंत तरी चालेल. घरातली जुनी पुस्तकं गावाला द्यायची इच्छा असेल, तर आधी राज्य मराठी विकास संस्थेकडे चौकशी करा. न विचारता रद्दीचे गठ्ठे नेऊन टाकू नका.